तासाला साठ ग्रॅम

रिपोर्ट हातात घेऊन डॉ. साहू मॅडमनी माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. "पेशंट बाहर है क्या? अंदर बुलाइए."

मी म्हणालो, पेशंट मीच.

त्यांनी पुन्हा कागद पाहिला आणि मग मला नीट पाहिलं. वय चोपन्न, उंची पाच फूट सात इंच, वजन एकसष्ट किलो. पोट नाही, रक्तदाब उत्तम, नाडी बावन्न. आणि कागदावर एचबीए१सी ७.६. ही रक्ताची तपासणी गेल्या साधारण तीन महिन्यांतली साखरेची सरासरी सांगते. लाल रक्तपेशींना किती साखर चिकटली आहे, ते तिच्यात मोजतात. आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक. साडेसहा किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह. माझी उपाशीपोटीची साखर १४२ होती आणि जेवणानंतर दोन तासांची २३१.

"शुगर है आपको," त्या म्हणाल्या. "घर में किसी को थी?"

होती. माझे वडील साकोली तालुक्यातून इथे आले, कारखान्यात लागले आणि भिलाईतूनच रिटायर झाले. त्यांना शुगर होती. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो. त्यांचं ड्रेसिंग मी करत असे. त्याच वर्षी मी धावायला लागलो, आणि का लागलो हे कोणाला सांगण्याची गरज पडली नाही. आपले पाय आपण शाबूत ठेवायचे, एवढाच हिशेब होता. पंधरा वर्षं धावलो. आठवड्याला साठ किलोमीटर, वर्षातून दोन मोठ्या शर्यती, त्यांतली एक बेचाळीस किलोमीटरची.

म्हणून त्या दिवशी पद्मनाभपुरातल्या त्या दवाखान्यात मला भीती कमी वाटली आणि फसवलं गेल्यासारखं जास्त वाटलं. जणू मी हप्ते वेळेवर भरले होते आणि तरी घर जप्त झालं होतं.

खुणा होत्या. तहान फार लागायची, मी ती उन्हाळ्यावर ढकलली. लघवीला उठावं लागायचं, ते वयावर ढकललं. लांब धावून आलो की दुपारभर डोळ्यांपुढे धुरकट दिसायचं, त्याला घाम कारण धरला. वर्षभरात माझी दहा किलोमीटरची वेळ चार मिनिटांनी वाढली होती, तीही वयाच्या खात्यात गेली. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत साखर जास्त आली नसती, तर मी आणखी वर्षभर असाच ढकलत राहिलो असतो. धावणाऱ्या माणसाला वाटतं की आजार त्याला गाठू शकत नाही. मलाही तसंच वाटत होतं.

मॅडमनी विचारलं, व्यायाम करता का? मी म्हणालो, रोज. त्यांनी मान हलवली. त्यांनी विचारलं तेवढंच मी सांगितलं. ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या भट्टीच्या, कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाची ही सवय आहे. फोनवर टेम्परेचर विचारलं तर टेम्परेचर सांगायचं, प्रेशर सांगत बसायचं नाही. शिवाय मनात हेही होतं की किती धावतो ते सांगितलं तर त्या थांबवतील.

दोन गोळ्या मिळाल्या. एक मेटफॉर्मिन, जी यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करते. दुसरी ग्लिमेपिराइड, जी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींच्या आत नेणारं द्रव्य. दुसरी गोळी घेऊन उपाशी राहू नका, घाम येऊन थरथर झाली तर लगेच साखर खा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी ते ऐकलं. ज्याला शुगर आहे त्याने साखर खायची, हे काही मनाला पटलं नाही.

आता मी काय खात होतो ते सांगतो, कारण या गोष्टीचं मूळ तिथे आहे.

सेक्टर १० मधून आम्ही सातआठ जण पहाटे निघतो. त्यांत माझा खरा जोडीदार देवांगन, वय एकोणपन्नास, माझ्याच कारखान्यात रोलिंग मिलमध्ये. तीनेक वर्षांपूर्वी मी फोनवर शर्यतीच्या खाण्यापिण्याबद्दल पाहायला लागलो. तिथे एक आकडा सारखा यायचा: तासाला साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थांतून मिळणारी शक्ती. लांब धावताना शरीरातला साठा संपतो, म्हणून दर तासाला एवढं आत टाकत राहायचं. आकडा दिसला की मी त्याला नियम करतो. एक जेल, म्हणजे पाकिटातला घट्ट गोड रस, आणि एक बाटली पावडरचं गोड पाणी. मिळून साठ. मोठ्या शर्यतीत याचा फायदा झाला, शेवटचे दहा किलोमीटर पहिल्यांदा चालत जावे लागले नाहीत. मग मी तोच नियम रोजच्या धावण्याला लावला. चाळीस मिनिटं धावायचं असलं तरी आधी केळ आणि खजूर, वाटेत गोड पाणी. वर रविवारी सगळ्यांबरोबर पोहा-जलेबी. उन्हाळ्यात भट्टीवर ग्लुकोजचं पाणी. घरी तीन वेळा भात, कारण आमच्याकडे भाताशिवाय जेवण झालंसं वाटत नाही.

आठवड्याला साधारण साडेसहा तास धावणं. म्हणजे जेवणाखेरीज जवळजवळ चारशे ग्रॅम साखर मी नियमाने घेत होतो आणि तिला तब्येतीचा भाग समजत होतो.

निदान झालं त्या दिवशी मी घरी येऊन उलटा नियम केला. भात बंद, पोळी बंद, पोहे, तांदळाचा चीला, केळं, जेल, सगळं बंद. अंडी, पनीर, काकडी, पालक. वंदनाने, माझ्या बायकोने, ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडमनं असं सांगतलं?"

"साखर कमी करा म्हणे."

"कमी म्हणजे एकदम शून्य?"

मी तिला म्हणालो की शून्याच्या खाली काही नसतं, म्हणून तेच सगळ्यात सुरक्षित. भाताचं पातेलं तिने माझ्यासमोरून उचललं नाही. ते रोज तिथेच असायचं आणि मी रोज त्याच्या बाजूने हात काढून भाजी घ्यायचो.

पहिल्या दोन आठवड्यांत घरच्या मीटरवर साखर झपाट्याने उतरली. सकाळी १४०, मग १२१, मग १०३. मला धावताना पाय जड वाटायचे, जिना चढताना धाप लागायची. पण आकडे उतरत होते आणि मी आकड्यांवर खूश होतो.

तिसऱ्या रविवारी मरोदा तलावाच्या बाजूने चोवीस किलोमीटरची फेरी ठरली होती. सकाळी दोन अंडी, काकडी, दोन्ही गोळ्या. बाटलीत नुसतं पाणी.

बारा किलोमीटरपर्यंत ठीक होतं. मग घाम गार लागायला लागला. ओठांभोवती मुंग्या आल्या. मी देवांगनला सांगितलं नाही, कारण अशा वेळी चार किलोमीटर सहन केलं की बरं वाटतं, असा पंधरा वर्षांचा अनुभव होता. सतराव्या किलोमीटरला त्याने सहज विचारलं, आता किती राहिले. हे तो नेहमी मलाच विचारतो. मी चोवीसातून सतरा वजा करायला घेतले आणि मला ते येईनात. सतरा कुठे ठेवायचे तेच कळेना. बराच वेळ गेला असावा. मग मी म्हणालो, अठ्ठावीस.

देवांगन हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं.

इथून पुढचं मला आठवत नाही, त्याने सांगितलेलं लिहितो. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि बुटाची नाडी सोडायला लागलो. त्याने मला खाली बसवलं, खिशातलं जेल फाडून तोंडाशी आणलं. मी त्याचा हात झटकला. "शक्कर नहीं. बंद है." त्याने पुन्हा आणलं, मी तोंड मिटून घेतलं. एकीकडे लहान मुलासारखी मान फिरवत होतो आणि दुसरीकडे त्याला समजावत होतो की डॉक्टरांनी मना केलंय. शेवटी त्याने वंदनाला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

ती त्याला म्हणाली, "भैया, उनकी मत सुनो. मैं बोल रही हूँ, दे दो." आणि मग मला मराठीत, "अहो, मी वंदना. तोंड उघडा. मी देऊन राहिली तुमाले, दुसरं कोणी नाई."

मी तोंड उघडलं म्हणे.

एक गोष्ट इथेच सांगतो, नंतर मॅडमनी बजावून सांगितलेली. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच तोंडात काही द्यायचं. बेशुद्ध असेल तर नाही, घशात अडकतं. थेट दवाखाना गाठायचा.

दुर्गच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये, जिथे साहू मॅडम पेशंट पाहायला येतात, तिथे पोचलो तेव्हा बोटाच्या थेंबावर साखर ४३ आली. तीही अर्धं जेल पोटात गेल्यावर. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, रक्तातली साखर धोक्याइतकी उतरणं. मेंदूला साखर पुरत नाही, म्हणून आधी हिशेब जातो, मग भान, मग कधीकधी जीव. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, दिलं. काही मिनिटांत छताचा पंखा स्वच्छ दिसायला लागला आणि उशाशी वंदना दिसली, घरच्या साडीवर, एका पायात माझी चप्पल आणि एका पायात तिची.

मला वाटलं झालं, आता घरी. पण संध्याकाळी साखर पुन्हा ५८ वर आली. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर राहतो. गोळी इन्सुलिन सोडवत होती, धावलेले स्नायू रक्तातून साखर ओढत होते आणि साठा मी स्वतःच तीन आठवड्यांत रिकामा केला होता. रात्रभर सलाइन आणि तासातासाला बोट टोचणं.

सकाळी मॅडम आल्या. त्या हिंदीत बोलतात, मी महत्त्वाचं तेवढं मराठीत देतो. त्यांना काही जुळत नव्हतं. एवढ्या कमी डोसवर एवढी साखर उतरायला नको होती. त्यांनी वंदनाला विचारलं, हे असं दिवसभर करतात तरी काय?

वंदना म्हणाली, "हफ्ते में साठ किलोमीटर दौड़ते हैं. और चावल-रोटी छोड़ दिया है, पूरा."

मॅडमनी पेन खिशाला लावलं. "चलते हैं या दौड़ते हैं?"

"दौड़ते हैं. बयालीस भी दौड़े हैं."

त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, मॅडम, तुम्ही विचारलं नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मैंने पूछा था कसरत करते हैं. आपने कहा रोज़. मैं टहलना समझी. ये पता होता तो मैं ये गोली आपको छूने नहीं देती."

ग्लिमेपिराइड त्याच क्षणी बंद झाली. पण त्यांच्या मनात आता दुसरी शंका आली होती. सडपातळ, रोज धावणारा माणूस, पन्नाशीत शुगर. हा नेहमीचा टाइप टू मधुमेह असेल, ज्यात इन्सुलिन असतं पण नीट चालत नाही. किंवा लाडा असेल. लाडा म्हणजे मोठ्या वयात हळूहळू येणारा असा मधुमेह, ज्यात शरीर स्वतःच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकतं. ओळखायला दोन तपासण्या. जीएडी अँटीबॉडी, ही शरीर स्वतःवर उलटलंय का ते सांगते. आणि सी-पेप्टाइड, यावरून स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते कळतं. नमुना बाहेरगावच्या लॅबला जाणार होता.

मी विचारलं, लाडा निघाला तर धावता येईल का?

आज ना उद्या इन्सुलिन लागेल, त्या म्हणाल्या. इन्सुलिनवरही लोक धावतात, पण कालच्यासारखं एकदा झालेल्या माणसाला मी लांब धावायची परवानगी देणार नाही. निदान बरेच दिवस नाही. आधी रिपोर्ट येऊ द्या.

वाट पाहण्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून दोन ओळी लिहितो. रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाले होते. आठवडा झाला, मग लॅबला सुट्टी आली, मग मशीन बंद. मी रजेवर घरी होतो. सकाळी खिडकीखालून आमचा ग्रुप जायचा, त्यांच्या बुटांचा आवाज मी ओळखायचो. खिडकी बंद करून घेतली तरी ऐकू यायचा. मी आता भात खात होतो, वाटीभर, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे, आणि प्रत्येक घासाला भीती वाटायची. न खावं तर त्या रस्त्याची भीती, खावं तर वडिलांच्या पायाची. दोन्हीकडून सारखीच.

वंदना त्या दिवसांत माझ्याशी फार बोलली नाही. एकदाच बोलली, भाजी निवडताना, माझ्याकडे न पाहता. "पंधरा वर्सं मी मनत राहिली का हा मानूस पायासाठी धावून राहिला, धावू द्या. त्या दिवशी फोनवर तुमचा आवाज आयकला अन् मले वाटलं का पाय राहीन, मानूस जाईन. मॅडमले कावून नाई सांगतलं तुमी?"

मी म्हणालो, धावणं बंद करतील म्हणून.

"मंग आता काय करून राहिले? घरीच बसून राहिले ना?"

तिने भाजीचं सुपडं माझ्यापुढे सरकवलं, "आता हे धरा," म्हणाली, आणि मी उरलेली मेथी निवडली.

रिपोर्ट आला तेव्हा मी तो दवाखान्याच्या बाहेर, स्कूटीवर बसून उघडला. अँटीबॉडी निगेटिव्ह. सी-पेप्टाइड पुरेसं. टाइप टू. आयुष्यभराच्या आजाराचं नाव वाचून माणसाला हायसं वाटतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्यानंतर मॅडमनी दंडावर सेन्सर लावला. नाण्याएवढा चकतीसारखा तुकडा, चौदा दिवस चिकटून राहतो. कातडीखालच्या पाण्यातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो आणि फोनवर रेघ काढतो, शेजारी बाण, चढतीचा किंवा उतरतीचा. रक्तापेक्षा तो दहा-पंधरा मिनिटं मागे असतो, हे लक्षात ठेवायचं. त्यांनी सांगितलं, एक दिवस जुन्या पद्धतीने चाळीस मिनिटं पळा आणि एक दिवस नुसत्या पाण्यावर. सोबत कोणीतरी हवं, खिशात साखर हवी.

जुन्या पद्धतीच्या दिवशी घरातून निघतानाच साखर १९४ होती. धावून थोडी उतरली, पोहा-जलेबीने पुन्हा चढली आणि दुपारच्या जेवणापर्यंत १६० च्या खाली आलीच नाही. पाण्यावरच्या दिवशी ११८ वरून निघालो, १०६ वर परतलो. पळण्यात काही फरक पडला नाही. तीन वर्षं ज्या गोड पाण्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही, त्याची त्या चाळीस मिनिटांना गरजच नव्हती.

तिसरी गोष्ट मी स्वतः पाहिली. कामावर परतल्यावर नाइट शिफ्टच्या आठवड्यात तेच जेवण, तेवढाच भात, पण साखर चाळीसने जास्त. झोप मोडली की इन्सुलिनचं काम बिघडतं, असं मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं. धावत असताना स्नायू साखर स्वतःच ओढून घेतात, त्यांना इन्सुलिनची फार मदत लागत नाही. म्हणून शर्यतीत घेतलेलं जेल जळून जातं. पण उरलेले तेवीस तास माणूस बसलेला असतो, तेव्हा प्रत्येक घासाला इन्सुलिन लागतं. पन्नाशीनंतर ते आधीइतकं चालत नाही, घराण्यात शुगर असली तर त्याहून नाही. वयाबरोबर स्नायूही कमी होतात आणि साखर साठवायची मोठी कोठी तीच आहे. तीस वर्षांचा पळणारा चुकीचं खाऊन निभावून नेतो. पंचावन्नचा नाही. "साठ ग्राम गलत नहीं है," त्या म्हणाल्या. "वो रेस का आंकड़ा है. आपने उसको ज़िंदगी का बना दिया. फिर डर गए तो शून्य को बना दिया."

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण मी आयुष्यभर हेच काम केलं आहे. भट्टीत एक टन लोखंड काढायला किती कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, जळला, त्याला कोक रेट म्हणतात. उत्पादन कमी असेल त्या दिवशी कोणी पूर्ण कोक टाकत नाही. आणि कोक वाचवायचा म्हणून भट्टी विझूही देत नाही, कारण आत लोखंड गोठलं की महिने जातात. कामावर मला हे कोणी शिकवावं लागलं नसतं. स्वतःच्या बाबतीत मात्र आधी भरभरून टाकलं आणि मग विझवली.

ठरलं ते थोडक्यात. हे माझ्यासाठी ठरलं, तुमचं तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. तासाभराच्या आतलं धावणं पाण्यावर, पण साखर कायम खिशात. त्याहून लांब असेल तर तासाला तीस ग्रॅमपासून सुरुवात, सेन्सर पाहून वाढवायचं. दिवसाचा भात जास्त करून धावून आल्यावरच्या जेवणात, डाळ आणि दह्यासोबत. संध्याकाळी लवकर आणि हलकं. आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची, स्नायूंसाठी. पोहा-जलेबीतला पोहा ठेवला. मेटफॉर्मिन चालू. तीन महिने तासाच्या वर धावायचं नाही, मग पुन्हा तपासणी आणि मग बोलू.

देवांगनला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बोरकर जी, जलेबी का दुख मुझे आपसे ज़्यादा है." पण त्याने स्वतःची शुगर तपासून घेतली. ती काठावर निघाली. आता रविवारी आमच्या टेबलावर एकच प्लेट जलेबी येते आणि सातआठ जणांत फिरते.

सेन्सरचा एक तोटाही सांगायला हवा. मी सारखा फोन पाहायला लागलो. घास घेतला की फोन. वंदनाने एक दिवस वाढता वाढता फोन पालथा घातला. "मी या मीटरले नाई वाढून राहिली. तुमाले वाढून राहिली." दुसरा सेन्सर मी लावला नाही. पुढे फक्त लांब धावण्याच्या आठवड्यात लावायचा, असं मॅडमशी ठरवलं.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.४ आला. मॅडम हसल्या नाहीत, त्या सहसा हसत नाहीत. म्हणाल्या, आता एकदा लांब धावून पाहा. अठरा किलोमीटर, त्याहून जास्त नाही, आणि सोबत असा माणूस हवा ज्याचं तुम्ही ऐकता.

तो माणूस स्कूटीवर आला. वंदना पहाटे स्वेटर घालून, डोक्याला रुमाल बांधून माझ्या मागे वीस पावलांवर, दहाच्या स्पीडने. ग्रुपमधले सगळे हसले आणि तिने त्यांना हसू दिलं. निघताना १३१. सहा किलोमीटरला ११९. रस्ता तोच, तलावाच्या बाजूचा. बाराव्या किलोमीटरला फोन पाहिला तर ९६ आणि बाण तिरका खाली. सेन्सर मागे असतो, म्हणजे रक्तात त्याहून कमी. ठरल्याप्रमाणे आता जेल घ्यायचं.

मी ते खिशातून काढलं, फाडलं, पण हात तोंडाशी जाईना. पाकिटावर पंचवीस ग्रॅम लिहिलं होतं आणि मला फक्त तेच दिसत होतं. देवांगन दोन पावलं पुढे जाऊन थांबला. स्कूटी शेजारी आली.

"काय झालं?"

मी म्हणालो, अजून ९६ आहे, चार किलोमीटर निघतील.

"घ्या."

"वंदना, ९६ वाईट नाई—"

"मले आकडा नका सांगू. चोवीसातून सतरा किती?"

मी म्हणालो, सात.

"हा, आता येऊन राहिलं. येत आहे तोवर घ्या."

मी घेतलं. पाण्याचा घोट घेतला आणि चालत राहिलो, धावलो नाही. बाण खालीच होता. पाच मिनिटांनी ९१. दहा मिनिटांनी ८८. मला घाम येत होता आणि तो धावण्याचा की दुसरा, ते कळेना. वंदना स्कूटी बंद करून माझ्या शेजारून ढकलत चालत होती. मग ८९. मग ९७, बाण आडवा. मग १०८, बाण किंचित वर. देवांगनने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

उरलेलं अंतर आम्ही धावत पूर्ण केलं. अठरा झाले तेव्हा साखर ११२ होती आणि मला गेल्या वर्षभरात वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. तिथे थांबलेला ग्रुप चोवीससाठी पुढे निघाला. देवांगनने मागे वळून पाहिलं. आणखी सहा मी सहज धावलो असतो. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, मला माझे पाय माहीत आहेत.

तुम्ही पन्नाशीच्या पुढे असाल, धावत असाल, सायकल चालवत असाल, आणि वजन आटोक्यात आहे म्हणून निश्चिंत असाल, तर वर्षातून एकदा साखर तपासून घ्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी किती धावता ते सांगा, काय खाता तेही सांगा. ते थांबवतील ही भीती मला होती. मला थांबवलं ते न सांगण्याने. साहू मॅडमचे, देवांगनचे उपकार मी फेडू शकणार नाही. घरच्या माणसाचे तर मोजतच नाही.

त्या दिवशी अठराव्या किलोमीटरला वंदनाने स्कूटी कडेला घेतली आणि मागचं पायदान पायाने खाली पाडलं. मी ओल्या कपड्यांनिशी तिच्या मागे बसलो. पायांत अजून बळ होतं. ते तसंच घेऊन घरी आलो.